बटण, नळी आणि ट्रिगर : नव्याने घडवलेलं .२२ टार्गेट पिस्तूल कसं पारखावं

सप्टेंबर २०१६मध्ये रुगर या अमेरिकन कंपनीने ‘मार्क फोर’ हे .२२ पिस्तूल बाजारात आणलं, तेव्हा त्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी सुरुवात एका बटणापासून केली. हे बटण पिस्तुलाच्या पाठीमागे, बोल्टच्या खाली बसवलेलं आहे. मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं आहे याची खात्री करायची, सेफ्टी लावायची आणि बटण दाबायचं. वरचा सगळा भाग मागच्या बाजूने उचलला जातो, पुढच्या बिजागरीवर कलतो आणि अलगद हातात येतो. मग बोल्ट मागे सरकवून बाहेर काढायचा. हातोडी लागत नाही, पाना लागत नाही.

ट्रिगर कसा आहे, साइट कशी आहे, पिस्तूल किती अचूक आहे, हे सगळं त्या लेखांत बटणानंतर येत होतं. टार्गेटवर गोळी मारण्यासाठी घडवलेल्या वस्तूचं कौतुक ती उघडते कशी यावरून व्हावं, हे नेमबाजीशी संबंध नसलेल्याला विचित्र वाटेल. मला ते कौतुक रास्त वाटतं. मात्र त्या बटणाने डोळे दिपले आणि दुसरी एक गोष्ट बघायची राहून गेली, असंही माझं मत आहे. ती गोष्ट पुढच्या नऊ महिन्यांत समोर आली. तिच्याकडे येण्याआधी हे पिस्तूल उघडण्याला एवढं महत्त्व का, ते पाहायला हवं.

मूळ कारण काडतुसात आहे. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७चं. मोठ्या काडतुसांत पेंदीच्या मध्यभागी वेगळी टोपी असते आणि तिच्यावर पिन आदळते. .२२सारख्या रिमफायर काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला पेंदीच्या कडेच्या पोकळ वळीत पसरलेला असतो आणि पिन ती कड चेचते. ही रचना स्वस्त पडते. म्हणूनच शतकाहून अधिक काळ जगभरचे नेमबाज याच काडतुसावर शिकत आले. पण मसाला वळीत सगळीकडे सारखा पसरला नसेल, तर एखादी गोळी उडत नाही. तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा घातलं की पुष्कळदा उडतं. आणि कड एकदा चेचली गेली की ते काडतूस पुन्हा भरता येत नाही.

गोळी साधारण २.६ ग्रॅमची, बहुधा उघड्या शिशाची, आणि तिच्यावर बाहेरून मेण किंवा ग्रीसचा थर. तांब्याचं कवच असलेल्या गोळीला हा थर लागत नाही, इथे त्याच्याशिवाय भागत नाही. दारू जेमतेम एक दशांश ग्रॅम. ती पूर्ण जळत नाही. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून थोडी कमी गतीने, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटरने, गोळी सोडतात. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डगमगते, ते टाळण्यासाठी ही काळजी. आता या काडतुसाभोवतीचं स्वयंचलित पिस्तूल बघा. त्यात बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढाच अडसर. गोळी सुटली की रिकामं काडतूस वायूच्या दाबाने बोल्टला मागे ढकलतं, आणि त्याच्याबरोबर काजळी, अर्धवट जळलेली दारू, मेण आणि शिशाचे कणही मागे येतात. पाच-सहाशे गोळ्यांनंतर बोल्टच्या तोंडावर काळा, चिकट थर बसलेला दिसतो. काडतूस ओढून काढणाऱ्या नखीच्या खाचेत तो घट्ट होतो आणि चेंबरच्या कडेवर साचतो. मग काडतूस पूर्ण आत बसत नाही, किंवा रिकामं बाहेर पडत नाही.

अनुभवी नेमबाज नळीला फारसा हात लावत नाहीत. ताज्या साफ केलेल्या नळीला पुन्हा एकसारखी मारायला काही गोळ्या जाव्या लागतात, हे त्यांना ठाऊक असतं. साफ करावा लागतो तो बोल्ट आणि चेंबर. तिथेच पोचता येत नसेल, तर पिस्तूल कितीही अचूक असो, त्याचा मालक ते साफ करणं पुढे ढकलत राहतो. रुगरच्या पिस्तुलाची नेमकी हीच अडचण होती, आणि ती थोडीथोडकी नाही, ६७ वर्षं टिकली.

हे पिस्तूल १९४९चं. बिल रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी कनेक्टिकट राज्यातल्या साउथपोर्टमध्ये ५० हजार डॉलरच्या भांडवलावर कंपनी काढली, आणि त्यांचा पहिला माल म्हणजे हे ‘स्टँडर्ड’ पिस्तूल. युद्धावरून परतलेल्या एका सैनिकाकडून रुगरने जपानी नांबू पिस्तुलं घेतली होती. नळकांड्यासारख्या रिसीव्हरमध्ये मागे-पुढे सरकणारा गोल बोल्ट ही कल्पना त्याला तिथे मिळाली. मुठीचा कोन जर्मन लुगरची आठवण देणारा. फ्रेम मात्र त्याने स्वतःच्या डोक्याने केली. पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबायचे आणि एकमेकांना वेल्ड करायचे. एकसंध लोखंडातून कोरून काढण्यापेक्षा हे फार स्वस्त पडलं, म्हणून पिस्तुलाची किंमत साडेसदतीस डॉलर ठेवता आली. त्या वेळच्या कोल्ट वुड्समन या .२२ पिस्तुलाच्या मानाने ती बरीच कमी होती.

पहिल्या मताची ताकद या पिस्तुलाच्या जन्मातच दिसते. ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकाच्या तांत्रिक विभागाचे संपादक, निवृत्त मेजर जनरल ज्युलियन हॅचर यांनी त्याबद्दल चांगलं लिहिलं. त्याच मासिकात एक छोटी जाहिरात आली, आणि मागण्या सुरू झाल्या. हॅचर हे शस्त्रांचे जाणते अभ्यासक होते आणि त्यांचं मत काळाने खरं ठरवलं. पुढे १९५१मध्ये हलवता येणारी साइट असलेलं ‘मार्क वन’ आलं. १९८२च्या ‘मार्क टू’मध्ये शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहण्याची सोय झाली आणि मॅगझिन नऊऐवजी दहा गोळ्यांचं झालं. शतक सरल्यावर आलेल्या ‘मार्क थ्री’ने मॅगझिनचा खटका मुठीच्या तळातून काढून ट्रिगरच्या मागे आणला. काही राज्यांच्या कायद्यांकडे लक्ष ठेवून चेंबरमध्ये गोळी असल्याची खूण दाखवणारा लहान खटका रिसीव्हरच्या बाजूला बसवला, आणि मॅगझिन नसताना घोडा पडू नये अशीही व्यवस्था केली. पुष्कळ जुन्या चाहत्यांना ही भर आवडली नाही.

उघडण्याची पद्धत मात्र तीच राहिली. मुठीच्या पाठीमागे मेनस्प्रिंगचं घर असतं. त्याची कडी टोकदार वस्तूने उचकटायची, घर बाहेर ओढायचं, त्याला जोडलेली पिन रिसीव्हरमधून खाली काढायची, बोल्ट मागून घ्यायचा, आणि मग रिसीव्हर पुढे ठोकून फ्रेमपासून वेगळा करायचा. नवं पिस्तूल असेल तर रबरी हातोडीशिवाय तो हलत नसे. इथवर तरी जमायचं. खरी परीक्षा परत जोडताना. घोड्याला टांगलेली लहान दांडी स्प्रिंगच्या वाटीत नेमकी बसली पाहिजे. त्यासाठी घोडा पुढे पडलेला हवा आणि ते घर बंद करताना पिस्तूल योग्य कोनात कलवलेलं हवं. दांडी जरा चुकीच्या जागी अडकली की घर बंद होतं, पण बोल्ट मागे येत नाही. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. सवय झालेल्याला हे मिनिटाभराचं काम होतं. वर्षातून दोनदा पिस्तूल उघडणाऱ्याला ती सवय व्हावी तरी कशी? पुष्कळ जण उघडायचंच टाळत, बोल्ट मागे अडकवून दिसेल तेवढं पुसत आणि नळी पुढच्या तोंडातून गजाने साफ करत. या शेवटच्या सवयीने खरं नुकसान होतं. नळीच्या तोंडाची कड गजाने झिजली की गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी किंचित ढळते.

मग लोक हे पिस्तूल घेत का राहिले? सोपं उघडणारी पिस्तुलं तर केव्हापासून होती. हाय स्टँडर्डची टार्गेट पिस्तुलं एका खटक्याने नळीपासून सुटी होत. १९५७पासून मिळणाऱ्या स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१चा ट्रिगर-गार्ड खाली ओढला की नळी हातात येते. ब्राउनिंगचं बक मार्क १९८५पासून आहे. रुगरच्या टिकण्याचं किमतीशिवायचं खरं कारण मला त्याच्या नळीत सापडतं. नळी रिसीव्हरमध्ये कायमची घट्ट बसवलेली, आणि पुढची व मागची दोन्ही साइट त्याच एका तुकड्यावर. पिस्तूल शंभरदा उघडा आणि शंभरदा जोडा, नळी आणि साइट यांचं नातं तसूभरही हलत नाही. बोल्ट त्या नळकांड्याच्या आत धावतो, साइट स्थिर राहते. बक मार्क पूर्ण उघडायचं तर मागची साइट ज्या पट्टीवर असते तीच स्क्रू काढून उचलावी लागते. स्मिथ अँड वेसनचं ‘व्हिक्टरी’ हे नवं पिस्तूलही २०१६चंच. ते एका स्क्रूवर उघडतं, नळीही बदलता येते, पण हेक्स पाना जवळ ठेवावा लागतो. प्रत्येकाने काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडलेलं आहे.

मार्क फोरचं मोठेपण मला इथे दिसतं. नळी, रिसीव्हर आणि साइट यांची ती एकसंध जोडणी रुगरने विस्कटली नाही. बदललं ते त्याखालचं सगळं. वेल्ड केलेल्या पत्र्याच्या फ्रेमऐवजी पोलादाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या एका ठोकळ्यातून सीएनसी यंत्रावर कोरलेली फ्रेम आली. पुढे बिजागरी आणि मागे कडी हवी, तर दोन्ही जागा अचूक कोरता आल्याच पाहिजेत, आणि पत्र्याच्या दोन अर्ध्यांत ते साधणं अवघड होतं. १९४९मध्ये कोरीव फ्रेम परवडत नव्हती म्हणून रुगरने पत्रा वेल्ड केला, आणि यंत्रं बदलल्यावर कोरणंच परवडू लागलं. संगणकावर चालणारी यंत्रं आल्यावर हा बदल शक्य झाला, म्हणून त्याचं श्रेय केवळ एका कल्पक आराखड्याला देता येत नाही. बोल्ट निघाला की गज चेंबरच्या बाजूने घालता येतो, नळीचं तोंड वाचतं. चेंबरची खूण दाखवणारा तो वादग्रस्त खटका गेला. सेफ्टी दोन्ही बाजूंना आली, डावखुऱ्यांची सोय झाली. मॅगझिन खटका दाबताच खाली पडू लागलं.

हातात घेतल्यावर पहिली जाणीव तोलाची. साडेपाच इंची जाड नळी आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असलेलं पिस्तूल किलोभर भरतं, पोलादी फ्रेमचं सुमारे बाराशे ग्रॅम. वजन पुढे झुकतं आणि साइट लवकर स्थिर होते. ज्यांना लुगरचा कलता कोन रुचत नाही त्यांच्यासाठी ‘२२/४५’ प्रकार आहे, प्लास्टिकच्या फ्रेमचा आणि १९११ पिस्तुलाच्या कोनाचा. दोन्हींत चांगलं-वाईट नाही, मनगटाची सवय कोणती त्यावर ठरतं.

ट्रिगरबद्दल मात्र मला कौतुक करता येत नाही. कारखान्यातून निघालेल्या मार्क फोरचा ट्रिगर साधारण दोन किलोंच्या आसपास ओढावा लागतो, आणि सुटण्याआधी थोडं घसटल्यासारखं जाणवतं. अमेरिकेच्या बुल्सआय स्पर्धांत .२२ पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान वजन दोन पौंड, म्हणजे नऊशे ग्रॅमच्या थोडंसं वर, एवढंच लागतं. तिथे एका हाताने, २५ आणि ५० यार्डांवर, कधी दहा मिनिटांत दहा गोळ्या तर कधी दहा सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतात. लागणाऱ्याच्या दुप्पट वजनाचा ट्रिगर घेऊन तिथे उभं राहणं हे नेमबाजाच्या बोटावर अन्याय आहे. मॅगझिन नसताना घोडा न पडण्याची व्यवस्थाही तशीच ठेवली आहे. तिच्यामुळे आत एक जादा घर्षण येतं, आणि साफसफाईनंतर घोडा उतरवायलासुद्धा रिकामं मॅगझिन घालावं लागतं. म्हणून मार्क फोर घेणारे अनेक स्पर्धक लगोलग आयोवातल्या व्होल्क्वार्टसनसारख्या कंपन्यांचा ट्रिगर आणि घोडा अडवून धरणारा सिअर बसवून घेतात. ‘टार्गेट’ असं नाव कोरलेल्या पिस्तुलाला हे करावं लागू नये.

ऑलिंपिकच्या बाजूला गेलं की पुनर्रचनेचं कारणच बदलतं. तिथे पिस्तूल नियमपुस्तकामुळे नव्याने घडतं. सोव्हिएत संघातल्या मिखाईल मार्गोलिन या दृष्टिहीन रचनाकाराने केलेलं एक पिस्तूल १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये गाजलं. त्याची नळी हाताच्या मानाने इतकी खाली होती की गोळी सुटल्यावर तोंड वर उसळतच नसे. त्यानंतर नियम असे बदलले गेले की तसली रचना बाद झाली. आज २५ मीटरचं पिस्तूल ३० × १५ × ५ सेंटिमीटरच्या पेटीत मावावं लागतं, वजन १४०० ग्रॅमच्या आत, ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा. रॅपिड फायरमध्ये २००४च्या अथेन्सपर्यंत .२२ शॉर्ट हे सौम्य काडतूस चालत होतं. २००५पासून .२२ लाँग रायफल सक्तीचं झालं आणि शॉर्टसाठी घडवलेली सुंदर पिस्तुलं एका वर्षात कपाटात गेली. पार्दिनी, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ या युरोपीय कंपन्यांचे आराखडे या चौकटीतच फिरतात. नळी चौकटीत बसेल तितकी हाताजवळ, मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, आणि मूठ लाकडाची, नेमबाजाच्या तळव्याप्रमाणे घासून घेतलेली.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत शूट-ऑफपर्यंत ताणलेल्या अंतिम फेरीत सुवर्ण जिंकलं, ते याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात. या प्रकारातल्या जलद टप्प्यात टार्गेट सात सेकंद दूर आणि तीन सेकंद समोर असतं. त्या तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी मारायची, असं तीस वेळा. इथे पिस्तूल उघडायला किती वेळ लागतो याची कुणी चौकशी करत नाही. हात वर आल्यावर साइट आपोआप रेषेत येते का, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मुठीत आणि ट्रिगरमध्ये असतं. रुगरला या रेषेवर उभं करणं अन्यायाचं होईल. ते क्लबमधल्या, शिकणाऱ्या, आठवड्याला दोनशे गोळ्या मारणाऱ्या माणसाचं पिस्तूल आहे.

आता ती राहून गेलेली गोष्ट. जून २०१७मध्ये रुगरने त्या महिन्याआधी बनलेली सगळी मार्क फोर पिस्तुलं दुरुस्तीसाठी परत मागवली. दोष सेफ्टीत होता. तिचा खटका ‘सेफ’ आणि ‘फायर’ यांच्या अधेमधे राहू शकत होता. तशा स्थितीत ट्रिगर ओढला तर गोळी कदाचित सुटत नसे, पण त्यानंतर खटका ‘फायर’कडे सरकवताच ट्रिगरला बोट न लावता सुटू शकत होती. सेफ्टी काढताना गोळी सुटणं याहून भयंकर दोष पिस्तुलात कोणता असणार? कंपनीने तो स्वतः जाहीर केला, ‘दुरुस्त होईपर्यंत वापरू नका’ असं स्पष्ट सांगितलं आणि दुरुस्ती विनामूल्य केली. तिचं हे वागणं चोख होतं.

पण पहिल्या नऊ महिन्यांतली परीक्षणं आठवा. शेकडो लोकांनी ते पिस्तूल चालवलं, बटण दाबलं, बाकावर ठेवून टार्गेटवरच्या छिद्रांचे ग्रुप मोजले. सेफ्टीबद्दल बहुतेकांनी लिहिलं ते ‘दोन्ही बाजूंना आहे’ एवढंच. खटका मुद्दाम मधेच थांबवून, रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढून, मग तो पुढे सरकवून घोडा पडतो का, हे पाहणं अवघड नव्हतं. त्याला ना रेंज लागते ना काडतूस. प्रथमदर्शनी मत देणारा वस्तू जशी वापरावी तशीच वापरतो, म्हणून चुकीच्या वापरात ती कशी वागते हे त्याला कळत नाही. दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. नव्या पिस्तुलाच्या परीक्षणात ही एक तपासणी कायमची यावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. एअर पिस्तूल ठरावीक ताकदीच्या आत असेल तर परवाना लागत नाही, म्हणून पुण्यातल्या बालेवाडीपासून कोल्हापुरातल्या दुधाळीपर्यंतच्या रेंजवर मुलं त्यावर सुरुवात करतात. .२२वर जायचं तर १९५९च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना, नेमबाज म्हणून पात्रता, आयातीची कागदपत्रं असा लांबचा रस्ता आहे. दुकानात पाच पिस्तुलं हातात घेऊन त्यातलं एक निवडावं, अशी चैन इथल्या बहुतेक नेमबाजांच्या वाट्याला येत नाही. दुसऱ्याच्या पिस्तुलावर मारलेल्या थोड्या गोळ्या आणि वाचलेली परीक्षणं, यांवरच घरातली मोठी रक्कम गुंतवली जाते. तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्याने किमान तीन-चार प्रकारची काडतुसं वापरून पाहावीत, कारण एकाच नळीतून एक काडतूस मुठीएवढा ग्रुप देतं आणि दुसरं नाण्याएवढा. मधे न पुसता हजारेक गोळ्या माराव्यात आणि कितव्या गोळीपासून अडकायला लागलं ते लिहावं. ट्रिगर वजनकाट्यावर मोजावा, बोटाच्या अंदाजाने नको. पिस्तूल जोडताना होणारी चूकही सांगावी : फायरिंग पिन अडवणारी छोटी पिन घालायची राहिली, तर रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढल्याने चेंबरची कड चेचली जाते. रुगरच्या मालकाला हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

या कसोट्यांवर आजचं, दुरुस्त केलेल्या सेफ्टीचं मार्क फोर माझ्या मते बाजारातल्या मध्यम किमतीच्या .२२ पिस्तुलांत सर्वांत समंजस आहे. नळी विश्वासाची, साइट हलत नाही, आणि घरी आल्यावर पाच मिनिटांत चेंबर स्वच्छ होतं. शिकणाऱ्याला, क्लबला, एकाच पिस्तुलावर दहा जण हात बसवणार असतील तिथे मी ते बिनदिक्कत सुचवीन. बुल्सआयच्या रेषेवर उभं राहणाऱ्याने मात्र किंमत धरताना ट्रिगरच्या कामाचे पैसे त्यात आधीच मिळवून ठेवावेत. ऑलिंपिक प्रकाराची तयारी करणाऱ्याने त्याच रकमेत भर घालून वापरलेलं, पण मूठ हाताला बसणारं युरोपीय पिस्तूल शोधावं. आणि रुगरने पुढचा क्रमांक काढायचा ठरवला, तर काम ट्रिगरपासून सुरू करावं.